चोवीस पिवळी कार्डं

लोखंडी पेटीत त्रेसष्ट कार्डं होती. अडतीस पांढरी, चोवीस पिवळी आणि एक निळं. पांढऱ्या कार्डांवर जुन्या इंग्रजी अहवालांतल्या भूकंपांच्या नोंदी होत्या, पिवळ्यांवर निजामी काळातल्या उर्दू कागदांतून मराठीत उतरवलेल्या. निळ्या कार्डावर एकच ओळ होती: ‘पेटी विचारल्याशिवाय उघडू नये.’ ते सोडलं तर भूकंपाची कार्डं बासष्ट. कॉम्प्युटरमधल्या यादीत जुन्या नोंदी साठ.

गीताने पुन्हा मोजलं. कार्डं बासष्ट, नोंदी साठ.

गीता हत्तीअंबीरे तेवीस वर्षांची होती. भूभौतिकीत एम.एस्सी. करून ती निजामाच्या जुन्या राजधानीत, तारनाक्याच्या एका लहानशा सल्लागार कंपनीत लागली, त्याला आठवा महिना चालू होता. कंपनीकडे सध्या मोठं काम एकच होतं: एका नियोजित अणुवीज केंद्राच्या जागेला भूकंपाचा धोका किती, हे शक्यतेच्या गणिताने काढून देणं. भूकंप कधी होईल हे तिथं कोणी सांगत नव्हतं. आसपास तीनशे किलोमीटरमध्ये आजवर किती धक्के बसले, केवढे आणि किती वर्षांच्या अंतराने, त्यावरून जमीन अमुक एका जोराने हलण्याची शक्यता दर वर्षी किती, एवढंच काढायचं. गणित कॉम्प्युटर करायचा. यादी मात्र माणसाने केलेली होती, आणि जागेजवळचा एखादा धक्का यादीतून गेला की उत्तर खाली येत होतं.

उत्तर ०.१४८ जी आलं होतं: दर वर्षी दहा हजारांत एक एवढ्या शक्यतेचा हादरा, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला. केंद्राचा तयार आराखडा ०.१५ पर्यंतचा हादरा सोसेल असा होता. त्याच्या वर गेलं की सगळा आराखडा नव्याने तपासायला घ्यावा लागणार. इतक्या काठावर येऊन थांबलेला आकडा पाहिला की गीताला कॉलेजातल्या प्रयोगवह्या आठवायच्या, ज्यांत उत्तर आधी लिहिलेलं असायचं आणि निरीक्षणं मागाहून भरलेली. शुक्रवारपर्यंत तिला अहवालाच्या ‘तपासणारा’ या चौकटीत सही करायची होती. तिची ही पहिलीच सही.

यादीत नसलेली दोन्ही कार्डं पिवळी निघाली. दोन्हींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘वगळले’ असं लिहिलेलं होतं. दोन्ही धक्के जागेपासून साठ किलोमीटरच्या आत बसलेले.

पेटी अनंतराव औंढेकरांची होती. वय एकाहत्तर. त्यांचे आजोबा आणि वडील दोघेही निजामाच्या महसूल खात्यात होते, त्यामुळे गिचमीड लिहिलेली उर्दूसुद्धा ते वर्तमानपत्र वाचावं तशी वाचत. एकतीस वर्षं त्यांनी जुन्या दप्तरांतून भूकंप वेचले होते. ऑफिसात त्यांना सगळे सर म्हणत. ते मात्र कोणाला काय म्हणतील याचा नेम नसे.

“सर, ही दोन कार्डं यादीत का नाहीत?”

अनंतरावांनी आधी पेटीच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “निळं कार्ड वाचता आलं नाही का गीताबाईंना?”

“वाचलं. पण तपासायचं म्हणजे उघडावी लागणार ना.”

“तपासायची आहे ती यादी. कार्डं नक्को.” त्यांनी दोन्ही कार्डं तिच्या हातातून घेतली, चष्मा वर करून पाहिली. “नंतरचे धक्के आहेत हे. मोठा धक्का बसला की त्याच्यामागून बारके बसत राहतात. ते वेगळे धरायचे नाहीत. पुस्तकात शिकवलं असेल तुला.”

शिकवलं होतं. गणितात प्रत्येक धक्का स्वतंत्र धरतात, म्हणून मोठ्या धक्क्याच्या मागची ठरावीक मुदत गाळतात. या कामात ती मुदत पंधरा महिन्यांची होती. दोन्ही पिवळ्या कार्डांच्या आधी, त्याच भागात, मोठा धक्का होता आणि तारखा मुदतीत बसत होत्या. नियमाने पाहिलं तर सगळं बरोबर होतं.

तिला एवढंच खटकत होतं की चोवीसांपैकी नेमकी दोनच गाळली गेली आणि ती जागेला खेटून असलेली. दुसरंही एक होतं. तपासणीसाठी तिचं नाव अनंतरावांनी स्वतःहून सुचवलं होतं. ऑफिसात उर्दू वाचणारे आणखी दोघं होते. गीताला उर्दूचं अक्षर येत नव्हतं आणि इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मराठीही ती बोट ठेवून वाचायची.

अनंतराव जेवायला गेले तेव्हा तिने सगळ्या पिवळ्या कार्डांचे फोटो काढले.

संध्याकाळी तिने फोन पप्पांपुढे धरला. देवराव रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. नांदेडकडून पंचवीस वर्षांपूर्वी आले, पण मराठी पेपर त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी चष्मा लावून पहिलं वगळलेलं कार्ड खणखणीत आवाजात वाचलं. “‘बारा मे एकोणीसशे सोळा. दिवेलागणीला मोठा आवाज होऊन जमीन हलली. देवळाच्या ओसरीचा खांब कलला. तहसील कचेरीचं घड्याळ बंद पडलं.’ अक्षर झकास आहे हां म्हाताऱ्याचं. कोण आहे हा?”

“औंढेकर सर. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दप्तराचंच काम.”

“मग काय विचारता!” देवराव हसले, पण पुरतं नाही. “आमच्या गावात दप्तरात जे नव्हतं ते झालंच नव्हतं. आज्ज्याची जमीन दप्तरात नव्हती. आज्जा दप्तरात नव्हता. नीट बघ बाई, सही तुझी राहणार आहे. उद्या काही निघालं तर म्हातारा घरी बसेल आणि लोक तुझं नाव वाचतील.”

“पप्पा, तसं काही नाहीये. विज्ञानाचं काम आहे हे.”

“मी कुठं नाही म्हणलो?” असं म्हणून त्यांनी पुढचं कार्ड वाचायला घेतलं.

गीता मात्र घड्याळापाशी अडकली होती. ते घड्याळ तिने आधी कुठंतरी वाचलं होतं. तिने लॅपटॉपवर पांढऱ्या कार्डांची यादी उघडली. एकोणिसावी नोंद, इंग्रजी अहवालातली: त्याच गावची, संध्याकाळी सहा चाळीस, तहसील कचेरीतलं घड्याळ थांबलं. तारीख बारा मे. साल मात्र १९१७.

ओळीने दोन वर्षं, त्याच तारखेला, त्याच घड्याळाने थांबावं असं काही कारण नव्हतं. धक्का एकच होता आणि त्याला वर्षं दोन मिळाली होती. इंग्रजी अहवाल छापील होता, त्यात चूक असणं कठीण. म्हणजे पिवळ्या कार्डावरचं साल एकने मागे सरकलेलं होतं. सरकलं म्हणूनच ते पंधरा महिन्यांच्या मुदतीत शिरलं आणि गळलं.

कोणी सरकवलं?

पण हा धक्का पांढऱ्या कार्डावरून यादीत होताच. पिवळं कार्ड गाळून उत्तरात काडीचा फरक पडत नव्हता. ज्याला आकडा खाली आणायचा आहे तो असली फुकटची लबाडी कशाला करेल? मग दुसरं कार्ड: निजामी महसुली सालगणनेतलं १३४४ फसली, अमरदाद महिना, म्हणजे अनंतरावांच्या हिशोबाने २० जून १९३४. जागेपासून अडतीस किलोमीटर. याला पांढरा जोडीदार नव्हता. हे खरंच वर्षाने पुढचं असेल, तर मोठ्या धक्क्यानंतर आठ महिन्यांनी नाही, वीस महिन्यांनी येत होतं, आणि मग त्याला गाळायचा कोणालाच अधिकार नव्हता. फुकटची लबाडी कदाचित कामाच्या लबाडीवर पांघरूण म्हणून असेल, असंही तिच्या मनात आलं. स्वतःचाच विचार तिला आवडला नाही, पण तिने तो खोडूनही टाकला नाही.

बुधवारी ती ऑफिसात डोकेदुखीचा मेसेज टाकून अफझलगंजच्या लायब्ररीत गेली. निजामी सरकारचं राजपत्र, ज्याला जरीदा म्हणत, त्याच्या जुन्या फायली तिथं होत्या. कार्डांवर फाईल आणि पान अनंतरावांनी बिनचूक लिहिलेलं होतं. लपवणारा माणूस पत्ता देऊन ठेवत नाही, हे तिने वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं.

फायली सांभाळणाऱ्या नसीम आपांनी चिठ्ठी पाहून कपाळाला हात लावला. “इत्ता मोटा बस्ता उठाने कू मैं अकेली हूँ, बच्ची. औंढेकर साब की शागिर्द है क्या तू?”

“हो. म्हणजे... त्यांचंच काम तपासते आहे.”

“उनका काम तू जाँचती?” आपा इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला. “चल, बैठ. पढ के सुनाती.”

मजकूर कार्डावर होता तसाच निघाला. खांब, ओसरी, घड्याळ. एक शब्द मात्र जास्त होता. तारखेच्या आधी आपांनी ‘शंबा’ असं वाचलं.

“शंबा म्हणजे?”

“हफ्ते का दिन. तुम लोगां सनीचर बोलते.”

कार्डावर वार नव्हता. गीताने फोनवर कॅलेंडर काढलं. १२ मे १९१६ ला शुक्रवार होता. १२ मे १९१७ ला शनिवार.

दुसरी फाईल. ‘पंजशंबा.’ आपांनी विचारायच्या आतच सांगितलं, “जुमेरात.” म्हणजे गुरुवार. २० जून १९३४ ला बुधवार होता. १९३५ ला गुरुवार.

“आपा, हे फसली साल कधी सुरू होतं?”

“अक्तूबर में. अमरदाद तो साल के आखीर आखीर में आता.”

गीताने वहीवर मांडलं. १३४४ फसली ऑक्टोबर १९३४ मध्ये सुरू झालं. त्यात ५९० मिळवले की १९३४ येतात, पण ते फक्त डिसेंबरपर्यंत खरं. जानेवारीपासून पुढच्या नऊ महिन्यांना ५९१ मिळवायला हवेत. अनंतरावांनी सरसकट ५९० मिळवले होते. सरळसाधी चूक दिसत होती. तिला एकदम हलकं वाटलं.

ते हलकेपण ऑफिसात दुसऱ्या दिवशी संपलं. आता वार शोधायचे म्हणून तिने पेटीतली चोवीसही पिवळी कार्डं क्रमाने लावली. एकवीस कार्डांवर वार नव्हताच. सगळ्यात आधी लिहिलेल्या तिघांवर होता, पण तो शाईने खोडलेला. उजेडासमोर धरल्यावर वाचता येत होता. तिन्ही वार कार्डावरच्या तारखेच्या वारापेक्षा एक दिवस पुढचे होते.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

“काल डोकं दुखत होतं ना?” मागून आवाज आला. अनंतराव उभे होते. “नसीमचा फोन आला होता. म्हणाली, तुमची शागिर्द वार विचारत होती.” ते खुर्ची ओढून समोर बसले. “कोणी पाठवलं तुला? पद्मावतीबाईंनी?” पद्मावती मॅडम कंपनीच्या प्रमुख होत्या.

“कोणी नाही.”

“ही कार्डं त्यांच्या डोळ्यात खुपतात. यंत्राने नोंदलेलेच धक्के घ्या, म्हाताऱ्याचे कागद कशाला, असं म्हणतात त्या. एक चूक दाखवायचा अवकाश, अहवाल पाहणारी समिती अख्खी पेटी बाद करेल. एकतीस वर्षं आहेत त्यात. तुम्हा लोकांना काय त्याचं!”

“तुम्ही लोक म्हणजे कोण, सर?”

अनंतरावांनी पेटी आपल्याकडे ओढली. “नवी पोरं,” ते म्हणाले. तिने ते खरं धरायचं की नाही, हे ठरवलं नाही.

तिने वही पुढे केली. त्यांनी बोट ठेवून, तिच्यासारखंच सावकाश, सगळं वाचलं. ५९० वर बोट थांबलं.

“फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे,” ते म्हणाले. “आमच्या घरी पोराला पाढ्यांबरोबर शिकवतात हे. आजोबांनी वडिलांना शिकवलं, वडिलांनी मला. महसुलात कधी अडलं नाही. अडणार कसं? जमाबंदीला साल पुरतं, कुठल्या महिन्यात काय झालं ते कोण विचारतो! धक्क्याला तारीख लागते.” ते स्वतःशीच हसल्यासारखे झाले. “हौ. चूक आहे. साधी कारकुनी चूक.”

“आणि हे?” गीताने ती तीन कार्डं खिडकीच्या उजेडात धरली. “वार तुम्ही खोडलेत.”

त्यांनी पहिलं कार्ड घेऊन खोडलेल्या वारावर अंगठा ठेवला. बाहेर कोणीतरी झेरॉक्सचं मशीन चालू केलं.

“जुळत नव्हते,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, लिहिणाऱ्या कारकुनाची चूक.”

“तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या, तीन कारकुनांची? तिघेही एकाच बाजूला, एकाच दिवसाने चुकले?”

“हौ.”

“चौथ्या पिवळ्या कार्डापासून तुम्ही वार लिहायचंच बंद केलंत.”

“हौ, गीताबाई. हौ.”

“मला का निवडलंत तपासायला?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुला उर्दू येत नाही म्हणून. येणारा असता तर एकेका अक्षरावर माझ्याशी हुज्जत घातली असती. तू आकडे बघशील, बेरजा बघशील, असं वाटलं होतं. अफझलगंजला जाशील असं वाटलं नव्हतं.”

हे उत्तर इतकं सरळ होतं की तिला त्याचाही संशय आला.

“एक कर,” ते आवाज उतरवून म्हणाले. “शेऱ्यात लिही, सालाच्या रूपांतरात चूक. ते खरंच आहे. दुरुस्त करू, गणित पुन्हा चालवू. खोडलेले वार तेवढे लिहू नकोस. चूक झाली म्हणून माणसाचं काम टाकून देत नाहीत. पण दिसलेलं खोडलं म्हटल्यावर एकाही कार्डावर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

“मीही ठेवत नाहीये, सर. आत्ता तरी. चोवीसच्या चोवीस मूळ कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय नाही.”

पद्मावती मॅडम बिदरच्या. मराठी, कन्नड आणि तेलुगू त्या एका दमात बोलत. केबिनमध्ये आलेल्या दोघांचं त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन आपटलं. “अय्यो, शुक्रवारी सही आणि गुरुवारी शंका? औंढेकर, मी तुम्हाला काय सांगत होते वर्षभर? काढून टाका ती पेटी.”

“पेटी काढली तर हा जवळचा धक्काही जाईल, मॅडम,” गीता म्हणाली. “मग आकडा अजून खाली येईल, आणि तो का आला हे आपल्याला माहीत असेल.”

मॅडमनी तिच्याकडे, मग अनंतरावांकडे पाहिलं. दोघांनी मिळून काही ठरवलंय का, असा तो कटाक्ष होता. “मंगळवार,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी पाच वाजता रिपोर्ट जाणार. नंबर काही येऊ दे.”

शुक्रवार, शनिवार आणि सोमवार गीता आणि अनंतराव अफझलगंजला बसले. अनंतराव वाचायचे, नसीम आपा तेच पान पुन्हा वाचायच्या, आणि दोघांचा वार एक आला तरच गीता लिहायची. पहिल्या दिवशी आपांनी टोमणा मारला, “औंढेकर साब, ये बच्ची तो आप कू चोर समझ रई.” अनंतराव पानावरून मान न उचलता म्हणाले, “समझने दो. तुम पढो.” तिसऱ्या दिवशी आपांनी चहा तिघांसाठी मागवला.

चोवीस कार्डांपैकी सात ऑक्टोबर ते डिसेंबरमधली होती, ती जागच्या जागी राहिली. सतरा एका वर्षाने पुढे गेली. सतरांपैकी सोळांचा वार नव्या तारखेशी जुळला, एका कागदावर वाळवी लागून वार वाचता येत नव्हता. वगळलेल्या दोघांपैकी घड्याळाचा धक्का पांढऱ्या कार्डाचाच जुळा ठरला. दुसरा स्वतंत्र ठरला. उरलेल्या पंधरांमुळे यादीची लांबी बदलली नाही. साठच्या एकसष्ट नोंदी झाल्या.

मंगळवारी सकाळी गीताने शेरा लिहिला. तिला मराठी लिहायला वेळ लागे, तरी तिने मराठीतच लिहिला, कारण कार्डं मराठीत होती. सालाच्या रूपांतराबद्दल चार ओळी झाल्या. मग ती थांबली. पलीकडच्या टेबलावर अनंतराव पेटीतली कार्डं उगाच पुन्हा पुन्हा सारखी करत होते. तिने पाचवी ओळ लिहिली: ‘सर्वांत जुन्या तीन कार्डांवर वार नोंदलेले असून ते शाईने खोडलेले आढळले. पुढील एकवीस कार्डांवर वार उतरवलेले नाहीत. मूळ कागदांत ते आहेत.’ कोणी खोडले, का खोडले, हे तिने लिहिलं नाही. ते तिने पाहिलेलं नव्हतं.

कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला. “गणित चालवायच्या आधी यादीवर दोघांच्या सह्या हव्यात,” ती म्हणाली. “आकडा बघून यादीला हात लावला, असं कोणी म्हणायला नको. तुम्ही नाही, मी नाही, मॅडमही नाहीत.”

अनंतरावांनी पाचवी ओळ वाचली. पुन्हा वाचली. ते ती ओळ खोडायला सांगतील असं तिला वाटलं, आणि तसं झालं तर काय म्हणायचं ते तिने मनात तयार करून ठेवलं होतं. ते म्हणाले, “‘तीन’च्या पुढे कार्डांचे नंबर घाल. एक, दोन आणि चार. तीन नंबरचं पांढरं आहे.” त्यांनी पेन उघडलं. ‘तयार करणारा’ या चौकटीत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. गीताने कार्डं पुन्हा काढून नंबर ताडून पाहिले. एक, दोन, चार. तिने ते घातले आणि खालच्या चौकटीत सही केली.

गणिताला एक्केचाळीस मिनिटं लागली. मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. दर वर्षी दहा हजारांत एक, एवढ्या शक्यतेला जागेवरच्या जमिनीचं कमाल त्वरण: ०.१५७ जी. आराखडा ०.१५ पर्यंतचा होता.